ताबोचा मठ : मातीचे छत गळते, तर त्यावर पत्रा का घालू नये?

पायवाट (पुणे) यांचा प्रश्न

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही सात जण किन्नौरमार्गे हिमाचल प्रदेशातल्या स्पीतीत गेलो होतो. निमित्त भटकंतीचे असले तरी माझे सगळे लक्ष ताबोच्या बौद्ध मठाकडे लागलेले होते, कारण ‘हिमालयातले अजिंठा’ हे त्याचे बिरुद मी अनेक वर्षे ऐकत आलो होतो आणि अजिंठ्याची वारी मी सहसा चुकवत नाही. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून पाहिला, तर खरे सांगायचे म्हणजे थोडी निराशाच होते. सुमारे ३,२८० मीटर उंचीवर, स्पीती नदीच्या काठच्या सपाटीवर, मातीच्या आवारभिंतीच्या आत मातीचीच ठेंगणी मंदिरे आणि त्यांच्या अधूनमधून मातीचेच स्तूप उभे आहेत. दुरून पाहणाऱ्याला तो एखाद्या मोठ्या शेतकऱ्याचा वाडा वाटावा.

दुखांगात, म्हणजे मुख्य सभागृहात, शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटे लागली. आमच्याबरोबरच्या तरुण भिक्षूने विजेरीचा झोत भिंतीवर फिरवला आणि जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती एकेक करून पुढे येऊ लागल्या. मातीच्या या बत्तीस मूर्ती डोक्याच्या वरच्या उंचीवर भिंतीलाच बसवलेल्या आहेत, मध्ये चारही दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध आहे, आणि असे सगळे सभागृह मिळून वज्रधातू मंडल, म्हणजे बुद्ध आणि देवतांची ठरावीक मांडणी, होते, हे त्याने आम्हांला हिंदीत फार सुरेख समजावून सांगितले. मग झोत आणखी वर गेला. तिथे छताच्या कडेपासून निघालेला बोटभर रुंदीचा एक मातकट ओघळ दिसला. तो एका मूर्तीच्या खांद्यामागून उतरून खालच्या चित्रपट्टीपर्यंत आला होता आणि ज्ञानाच्या शोधात निघालेल्या सुधन या बौद्ध कथेतल्या तरुणाच्या यात्रेतील एका प्रसंगाचा अर्धा भाग त्याने बरोबर नेला होता. तिथे आता केवळ भिंतीचा रंग उरला आहे.

भिक्षूने सांगितले की त्याच्या आजोबांच्या काळी येथे पाऊस हा बोलण्याचा विषयच नव्हता. बर्फ पडे आणि तो वितळण्याआधी छतावरून लोटून दिला जाई. आता उन्हाळ्यात पाऊस येतो आणि मातीचे छत त्याला पुरे पडत नाही. त्याआधी १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपाने, ज्याची तीव्रता ६.८ होती, या वास्तूंना हादरा दिला होताच. त्यानंतर शेजारी नवे सभागृह उभे राहिले आणि १९८३ मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत येथे कालचक्राचा सोहळा झाला.

माझा प्रश्न बाळबोध वाटेल, तरी विचारतो. एवढे मोलाचे काम जर केवळ छत गळल्यामुळे नष्ट होत असेल, तर जुने छत काढून काँक्रीटचा स्लॅब टाकणे, निदान वर पत्र्याचे आच्छादन करणे, यात अडचण ती कोणती? आणि पुसली गेलेली चित्रे कुशल कलाकारांकडून पुन्हा रंगवून का घेऊ नयेत? आमच्या गटाने परतल्यावर थोडी रक्कम जमवली आहे. ती नेमकी कोणत्या कामासाठी द्यावी, हे ठरवण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

धाबे (उमरगा) यांचे उत्तर

आपला प्रश्न मुळीच बाळबोध नाही, आणि त्याचे अर्धे उत्तर आपल्याला स्पीतीऐवजी मराठवाड्यातच मिळेल. माझे बालपण माळवदाच्या घरात गेले. तुळया, त्यांवर सर (आडव्या कड्या), सरांवर किलचा (लाकडाच्या बारीक चिरफळ्या), त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि सर्वांत वर पांढरीची माती, असे आमचे छत होते. आपण ताबोला पाहिलेले छत जवळजवळ याच कुळातले आहे. तिकडे किलचांच्या जागी विलोच्या काटक्या असतात (आपल्याकडचे वाळुंज हे त्याच जातकुळीचे झाड), आणि पाल्याच्या जागी डोंगरावरचे झुडूप.

अशा छताचे एक शास्त्र असते आणि ते दर वर्षी पाळावे लागते. मृगापूर्वी आमचे आजोबा स्वतः वर चढत, वर्षभरात उगवलेले गवत मुळासकट उपटत, उंदरांनी केलेली बिळे कालवलेल्या मातीने बुजवत आणि पन्हळीकडे उतार बरोबर आहे की नाही हे तांब्याभर पाणी ओतून पाहत. पाणी जिथे थबकेल, तिथेच पुढच्या पावसात गळणार, हे त्यांचे साधे गणित होते. ज्या वर्षी हे काम चुकले, त्या वर्षी घरात भांडी मांडावी लागली. मातीचे छत गळते याचा अर्थ माती वाईट आहे असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा वर कोणी चढलेले नसते.

आता दुसरी बाजू, जी मी विसरू शकत नाही. गळती थांबवण्याचा आळशी उपाय म्हणजे आणखी एक पाटी माती टाकणे. जुनी माती खरवडून न काढता प्रत्येक पिढी वर नवा थर देत गेली, की छत फुटाचे दोन फूट होते. दोन फूट जाडीच्या मातीचे वजन एका चौरस मीटरला सुमारे एक टन भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हेच वजन झोपलेल्या माणसांवर आले आणि जवळजवळ ८,००० माणसे गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. दोष एकट्या छताचा नव्हता; आमच्या जाड दगडी भिंतींच्या दोन अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगडच बहुतेक ठिकाणी नव्हता, त्यामुळे आतले अंग आत आणि बाहेरचे बाहेर पडले. पण त्यानंतर आमच्या भागात माळवद हा शब्दच भीतीचा झाला.

म्हणून ताबोसारख्या भूकंपप्रवण ठिकाणी अडचण दुहेरी आहे. पावसासाठी छत घट्ट हवे आणि भूकंपासाठी ते हलके हवे. शहाणा उपाय असा की साठलेली जुनी माती काळजीपूर्वक उतरवावी, कुजलेल्या काटक्या आणि तुळया बदलाव्यात, उतार नव्याने काढावा आणि पातळ पण नीट कमावलेला चिकणमातीचा थर द्यावा. हे करताना मजूर छतावर आणि चित्रे खाली असतात, त्यामुळे कुदळीचा एक घावसुद्धा विचार करून घालावा लागतो.

स्लॅबचे वजन त्या दोन फूट मातीपेक्षा कमी भरेल, हे मी मान्य करतो. परंतु स्लॅब ताठ असतो आणि तीन फूट जाडीची मातीची भिंत मऊ असते. भूकंपात स्लॅब एकसंध हलतो आणि खालची भिंत माथ्याशी चुरडत जाते. मातीच्या भिंतीवर लाकूड थोडे वाकून, थोडे सरकून जसे निभावून नेते, तसे सिमेंटला जमत नाही.

गिलावा यांचे उत्तर

मी भित्तिचित्रांच्या संवर्धनाचे काम करते आणि लडाखमधील मठांत दोन उन्हाळे काम केले आहे. वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी केवळ भिंत आणि चित्र यांच्यापुरते लिहिते.

ताबोची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर पातळ लेप देऊन, तो वाळल्यानंतर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी ती रंगवली आहेत. या बाबतीत ती अजिंठ्याच्या जवळची आहेत, आणि ‘हिमालयातले अजिंठा’ या बिरुदात काही तथ्य असेल, तर मला ते येथे दिसते. अशा रंगाला पाणी लागले की रंग सुटतो आणि त्यामागून गिलावाही सुटतो. आपण पाहिलेला ओघळ म्हणजे छतातली माती आणि भिंतीवरचा रंग यांचे मिश्रण आहे. तो ओल्या फडक्याने पुसता येईल असे पुष्कळांना वाटते. तसे केले तर उरलेले चित्रही फडक्यावर येईल.

ओघळ डोळ्यांना दिसतो, पण मला त्याहून अधिक भीती न दिसणाऱ्या पोकळीची वाटते. भूकंपात भिंत आणि गिलावा वेगवेगळ्या लयीत हलतात. तडा न जाताही गिलावा आतून भिंतीपासून सुटतो आणि बशीसारखा फुगून उभा राहतो. बोटाच्या पेराने अगदी हळू ठोकले, तर धरलेल्या जागी भरीव आणि सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. (हे वाचून कोणी मठात जाऊन भिंती ठोकू नयेत.) अशा जागेचा नकाशा काढायचा, तड्याच्या कडेने बारीक सुई आत घालायची, आधी आतली धूळ मोकळी करायची आणि मग वस्त्रगाळ मातीचा पातळ काला थेंबाथेंबाने सोडायचा. त्यानंतर मऊ गादी लावलेली फळी टेकवून तो भाग अलगद दाबून धरायचा आणि वाट पाहायची. तळहाताएवढ्या जागेला एक दिवस जातो. काला जास्त ओला झाला तर समोरच्या बाजूला डाग उमटतो, आणि कोरडा झाला तर तो आत पोहोचतच नाही. यात सिमेंट किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरले, तर दुरुस्तीची जागा मूळ भिंतीपेक्षा कडक होते आणि पुढच्या हादऱ्यात तिच्या कडेने नवा तडा जातो.

बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला तर काय होते, हे मी आमच्याच भागातल्या एका जुन्या वाड्यात पाहिले आहे. सहा वर्षे भिंत छान दिसली. सातव्या वर्षी सिमेंटचा पापुद्रा उचलला, तर आत ओलीने विरघळलेली माती कणकेसारखी लागली. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिचा श्वास कोंडला की ती आतून ढासळते. पत्र्याचीही अशीच गंमत आहे. त्याच्या आतल्या बाजूला थंडीत दव धरते, आणि त्यावरून घसरलेला बर्फ भिंतीच्या पायाशी ढीग करून वितळतो, म्हणजे माथ्यावरचे पाणी आपण पायाला नेऊन दिलेले असते. आणीबाणीत ताडपत्री टाकावी, तिला माझा विरोध नाही. फक्त ती कायमची होऊ नये.

पुन्हा रंगवण्याविषयी मात्र मी स्पष्टच ‘नको’ म्हणेन. अजिंठ्याचे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा बसवण्याचे मोठे काम केले, आणि ते केले नसते तर आज कितीतरी चित्रे नसती. पण संरक्षणासाठी चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, काळवंडला, आणि पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना तो काढण्यात अनेक वर्षे घालवावी लागली. त्या काळातले सर्वांत जाणकार हातसुद्धा चुकू शकतात, म्हणून आज आम्ही उलट फिरवता येईल एवढेच करतो. रिकाम्या जागी भिंतीशी मिळताजुळता मातकट रंग देतो, म्हणजे डोळा तिथे अडखळत नाही आणि नवे जुने म्हणून खपतही नाही.

कोनाडा यांचे उत्तर

गिलावा यांचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे, पण त्यात एक बाजू राहून गेली. मठ हे संग्रहालय नव्हे. ज्या बुद्धाचा चेहरा गेला आहे त्याच्यापुढे नमस्कार करायचा तो कसा, असे एखाद्या वृद्ध भिक्षूने विचारले, तर ‘मातकट रंग’ हे उत्तर त्याला पटेल का? बौद्ध परंपरेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे. ताबोच्याच सभागृहातला लेख सांगतो की स्थापनेनंतर ४६ वर्षांनी, म्हणजे १०४२ मध्ये, पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजघराण्यातील जांगचुब ओ याने मठाचे नूतनीकरण केले. आज आपण ज्यांना मूळ चित्रे म्हणून जपतो, त्यांतली कितीतरी त्या नूतनीकरणातली आहेत. मठ स्थापन करणाऱ्या येशे ओच्या काळच्या चित्रांवरून हात फिरवू नका, असे त्या वेळी कोणी म्हटले असते, तर आपण ‘अजिंठा’ म्हणतो ते तेथे नसतेच.

मला स्वतःला बासगोचा मार्ग अधिक पटतो. लडाखमधल्या या गावात मैत्रेयाची जुनी मंदिरे झिजत चाललेल्या कड्यावर मातीच्याच भिंतींनी उभी आहेत. २००० साली जगातील सर्वाधिक धोक्यातील शंभर वास्तूंच्या यादीत त्यांचे नाव आले होते. तिथे गावाने स्वतःची समिती स्थापन केली, बाहेरचे तज्ज्ञ बोलावले, पण काय करायचे आणि काय नाही हे ठरवण्याच्या बैठकीत गावकरी बसले. श्रमदान त्यांचे, माती त्यांची. २००७ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला असे वाटते की ज्या गावाने भिंत स्वतः लिंपली आहे, ते गाव पुढच्या वर्षी छतावर चढायला विसरणार नाही.

गिलावा

कोनाडा यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो मी प्रत्यक्ष ऐकलेलाही आहे. आम्ही ज्या मठात काम केले तेथे दोन दिवस यावरच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की जुन्या चित्राला हात लावायचा नाही, पण पूजेसाठी त्याच देवतेचा नवा थांका (कापडावरचे चित्र) रंगवून घ्यायचा आणि तो समोर टांगायचा. थांका भिंतीपासून चार बोटे दूर राहील अशी काठी बसवली. ताबोमध्ये भूकंपानंतर नवे सभागृह झाले आणि मोठ्या सोहळ्यांची गर्दी, तिच्याबरोबर येणारी ओल आणि तुपाच्या दिव्यांची काजळी, तिकडे गेली. ही त्या आपत्तीतून झालेली एक चांगली गोष्ट मानावी लागेल.

तारतम्य (ठाणे) यांचे उत्तर

मी विद्युत कंत्राटदार आहे, त्यामुळे चर्चेत अद्याप न आलेल्या एकाच गोष्टीवर लिहितो. नेपाळमधला तेंगबोचेचा मठ १९३४ च्या भूकंपात पडला आणि पुन्हा बांधला गेला. मग जानेवारी १९८९ मध्ये शॉर्ट सर्किटने लागलेल्या आगीत तो जळून गेला. तेव्हा तेथे वीज येऊन फार काळ झालेला नव्हता. लाकूड, कापड, पोथ्या आणि तूप यांनी भरलेल्या वास्तूत उघडी जोडणी ठेवणे म्हणजे काडेपेटीत निखारा ठेवणे होय. डोंगरातल्या लहान मठांत मी खिळ्याला गुंडाळलेल्या तारा आणि एकाच सॉकेटवर हीटर, मोबाईल व दिव्यांची माळ पाहिली आहे. लोखंडी नळीतून नेलेली तार, योग्य क्षमतेचे ब्रेकर आणि गर्भगृहाच्या बाहेर ठेवलेला मुख्य खटका, एवढ्याने बराच धोका टळतो, आणि यासाठी भिंतीला एकही भोक पाडावे लागत नाही.

पायवाट (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. पत्रा आणि स्लॅब हे दोन्ही विचार मी मागे घेतो. रकमेचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. ताबोचे जुने आवार केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तेथे आम्ही परस्पर काही करू शकत नाही, हे माझ्या लक्षात आले आहे. मग आमच्यासारख्यांनी करावे काय?

कोनाडा

संरक्षित वास्तूसाठीच द्यायचे असेल, तर केंद्र सरकारचा राष्ट्रीय संस्कृती निधी त्यासाठीच १९९६ पासून आहे. पण आपली रक्कम लहान असेल, तर मी ती संरक्षित यादीत नसलेल्या एखाद्या छोट्या गोम्पासाठी, म्हणजे बौद्ध मठासाठी, देईन. अशा ठिकाणी ना पुरातत्त्व विभाग पोहोचतो, ना प्रवासी. गावातली तरुण मुले हॉटेले आणि गाड्यांच्या व्यवसायात आहेत, नवी घरे सिमेंटची होत आहेत, आणि मातीचे छत करणारे हात म्हातारे झाले आहेत. एखाद्या वृद्ध कारागिराला दोन हंगामांची मजुरी आणि त्याच्या हाताखाली दोन मुलांना मजुरी, एवढे जरी आपण दिले, तरी ते एका छताच्या खर्चापेक्षा कमी भरेल आणि त्यांतून बरीच छते होतील. अर्थात हे गावाला आणि मठाला विचारूनच करावे. पुण्यात बसून ठरवू नये.

पायवाट (पुणे)

हे आमच्या गटाला पटले आहे. ज्या भिक्षूने आम्हांला मठ दाखवला त्यांना आज संध्याकाळी फोन केला. त्यांनी जवळच्याच एका गावातल्या छोट्या मंदिराचे नाव सुचवले, आणि पहिली गरज वेगळीच सांगितली : हिवाळ्यात बर्फ लोटायला माणूस मिळत नाही, कारण गावातले बरेच जण थंडीत खाली जातात. त्यामुळे यंदाच्या तीन महिन्यांसाठी दोन जणांची मजुरी आम्ही देणार आहोत. फावडी आम्ही पुण्याहून पाठवावीत का, असे मी विचारले, तेव्हा ते हसले आणि ‘ती नकोत’ म्हणाले. कारण विचारायचे राहून गेले.

धाबे (उमरगा)

कारण मी सांगतो. आपण लोखंडी फावडी पाठवली असती. लोखंडाच्या धारेने बर्फाबरोबर मातीची वरची कमावलेली साय खरवडली जाते आणि पुढच्या पावसात नेमके तिथेच पाणी मुरते. छतावर लाकडी फावडेच चालते, आणि तेही शेवटचे दोन बोटे बर्फ ठेवून. तेवढा झाडूने काढायचा. आमचे आजोबा माळवदावर चढताना वहाणासुद्धा खालीच काढून ठेवत.